थंडीत गाडी गरम करायची की नाही? बाबांचा चोक, अ‍ॅपवरचं बटण आणि पार्किंगमधली दहा मिनिटं

डिसेंबरमध्ये चार दिवस नाशिकला घरी गेले होते. त्या आठवड्यात निफाडचा पारा रोज पेपरात होता. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किती अंश नोंदले गेले, यावर आमच्याकडे चहासोबत चर्चा होतेच. पहिल्याच दिवशी सकाळी पावणेसातला बाबा सोफ्यावर चहा पीत होते आणि एका हाताने मोबाइलवर काहीतरी करत होते. मी विचारलं, "काय बघताय?"

"बघत नाहीये, गाडी सुरू केली," ते म्हणाले. चेहऱ्यावर अगदी शाळकरी पोराचा आनंद. "चहा होईपर्यंत इंजिन गरम होतं. मस्त फीचर आहे!"

नवी गाडी गेल्या वर्षीच घेतलेली. छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक, आत सिमकार्ड असलेली कनेक्टेड कार. गाडी पाच मजले खाली पार्किंगमध्ये आणि बाबा वर सोफ्यावर. दहा मिनिटांनी आम्ही खाली उतरलो तेव्हा पार्किंगमध्ये तो ओळखीचा, डोळ्यांना किंचित झोंबणारा वास भरला होता. आणखी दोन गाड्या तशाच उभ्या उभ्या घुरघुरत होत्या. लिफ्टशेजारी सिक्युरिटीवाल्या काकांची खुर्ची. थंडीसाठी कानटोपी, मफलर आणि मफलर नाकावर ओढलेला. मी सहज म्हटलं, "काका, फार थंडी आहे ना?" तर म्हणाले, "थंडीचं काही नाही ताई, सकाळी सकाळी या धुराने डोकं धरतं."

त्यांचं डोकं नक्की कशाने दुखतं हे मी सांगू शकत नाही. रात्रपाळी, अपुरी झोप, काहीही कारण असू शकतं. पण त्या वाक्यामुळे एक साधा प्रश्न माझ्या डोक्यात अडकला: हे जे आपण रोज सकाळी 'गाडी गरम करणं' करतो, ते २०२० नंतरच्या इंजिनाला खरंच लागतं का? आणि लागत नसेल, तर आपण नक्की कोणासाठी करतोय?

तर मंडळी, चला, नीट समजून घेऊया.

बाबा चुकत नव्हते, त्यांची जुनी गाडी वेगळी होती

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. गाडी गरम करायची सवय मूर्खपणातून आलेली नाही. बाबांची पहिली गाडी कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. त्या गाडीत डॅशबोर्डखाली चोकची दांडी असायची. थंडीत चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, इंजिन दोन-तीनदा खोकायचं, मग सुरू व्हायचं. लगेच गिअर टाकला तर बंद पडायचं. त्यामुळे पाच मिनिटं थांबणं हाच व्यवहार होता.

यामागचं कारण सोपं आहे. द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की 'चर्र' होऊन उडून जातं. थंड तव्यावर तेच पाणी थेंब होऊन बसून राहतं. थंड इंजिनात पेट्रोलचं अगदी हेच होतं. बरंचसं पेट्रोल थंड भिंतींना चिकटून बसतं आणि जाळायला पुरेशी वाफ मिळत नाही. त्यावर उपाय एकच, जास्त पेट्रोल सोडायचं, म्हणजे त्यातलं जेवढं उडेल तेवढं तरी पुरेल. कार्ब्युरेटर हा हवेच्या ओढीवर चालणारा बिनडोक भाग. त्याला बाहेर किती थंडी आहे हे कळत नाही. म्हणून चोक ओढून हवा कमी करायचं काम माणसाने करायचं आणि इंजिन तापल्यावर चोक आत ढकलायचं कामही माणसानेच.

थोडक्यात, त्या गाडीत 'सेन्सर' बाबा स्वतः होते.

मग बदललं काय?

१ एप्रिल २००० ला देशात 'इंडिया २०००' हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि त्यानंतर कारमधून कार्ब्युरेटर झपाट्याने गेला. त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. २०२० च्या १ एप्रिलपासून बीएस-६ आलं, तेव्हा दुचाकींमध्येही जवळपास सगळीकडे हेच तंत्र आलं.

फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. कूलंट किती थंड आहे, आत येणारी हवा किती आणि कशी आहे, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन किती उरला आहे, हे सगळं तो सेन्सरवरून सतत वाचतो. त्यानुसार इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा याचा हिशोब करतो. इंजिन थंड असेल तर जास्त पेट्रोल, जसं तापेल तसं कमी. आदर्श प्रमाण म्हणजे वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. इंजिन तापलं की ईसीयू त्याच्या आसपास राहायचा प्रयत्न करतो.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं आहे, म्हणून मला हे असं सांगायला आवडतं: चोक गेला नाही, तो कोडमध्ये गेला. सकाळी गाडी सुरू केल्यावर आरपीएमचा काटा हजाराच्या वर जातो आणि थोड्या वेळाने खाली येतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तो ईसीयूचा चोक आहे. तुम्हाला काहीच ओढायचं-ढकलायचं नाही. म्हणूनच नवी गाडी सुरू केल्यावर काही सेकंदांतच न अडखळता चालायला तयार असते.

म्हणजे 'बंद पडू नये म्हणून गरम करा' हे कारण संपलं. पण एक कारण अजून उरतं. ऑइलचं काय?

ऑइल वर चढायला किती वेळ लागतो?

हा प्रश्न रास्त आहे. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली साचतं. सकाळी इंजिन सुरू झाल्यावर ते सगळ्या भागांपर्यंत पोहोचायला हवं. थंड ऑइल घट्ट असतं हेही खरं.

पण ऑइलच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं ते बघा. जुन्या गाड्यांत २०डब्ल्यू-५० चालायचं, आजच्या पेट्रोल गाड्यांत ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असतं. यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यूची ऑइल शून्याच्या खूप खालच्या तापमानासाठी बनवलेली असतात. आपल्याकडचे १० अंश त्यांच्यासाठी काहीच नाहीत. ऑइल पंप काही सेकंदांत दाब तयार करतो. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा विझतो तो त्यामुळेच.

आता गंमत बघा. ऑइलला फक्त वर चढायचं नसतं, तापायचंही असतं. आणि उभ्या गाडीत ते लवकर तापत नाही. उभं इंजिन जवळजवळ काहीच काम करत नसतं. काम कमी म्हणजे इंधन कमी जळणार, इंधन कमी जळलं म्हणजे उष्णता कमी. थंडीत आपण स्वतः काय करतो? एका जागी उभं राहून कुडकुडत बसलो तर अंग तापत नाही, चार पावलं भरभर चाललो तर तापतं. इंजिनाचंही तसंच आहे.

बाबांना हे पटेना. "अगं, तीस वर्षं गाडी चालवतोय मी," हे ठरलेलं उत्तर. मग मी माझा ब्लूटूथ ओबीडी डोंगल काढला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये हा लावला की ईसीयू वाचत असलेले आकडे मोबाइलवर दिसतात. दोन सकाळी, एकच गाडी, सुरुवातीला कूलंट १३ अंशांच्या आसपास. पहिल्या दिवशी गाडी दहा मिनिटं उभी ठेवली. कूलंट ६० अंशांच्या जवळ पोहोचलं. दुसऱ्या दिवशी अर्धा मिनिट थांबून हळू निघालो. ६० अंश चौथ्या-पाचव्या मिनिटालाच ओलांडले आणि दहा मिनिटांत कूलंट ८५ च्या पुढे होतं. एका गाडीवरचा हा घरगुती प्रयोग, त्यावरून जगाचा नियम ठरत नाही. पण तत्त्व तेच आहे आणि तुमच्याकडे डोंगल असेल तर तुम्हीही करून बघू शकता.

बाबा आकडे बघून काही बोलले नाहीत. फक्त "हं" म्हणाले.

उभं ठेवून नुकसान होतं का?

रोज पाच-दहा मिनिटांनी इंजिन खराब होईल असं काही नाही, घाबरू नका. पण फायदा नाही आणि थोडा तोटा आहे.

वर सांगितलं तसं, थंड असताना ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. त्यातलं काही न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टन रिंगच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. भिंतीवरचा ऑइलचा थरही ते धुऊन काढतं. इंजिन पूर्ण तापलं की ऑइलमधलं पेट्रोल उडून जातं. पण रोज उभं ठेवून अर्धवट तापवायचं आणि मग दोन किलोमीटरवर जाऊन बंद करायचं, असं केलं तर ते उडून जायला वेळच मिळत नाही. ऑइल पातळ होत राहतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत हा प्रकार जास्त दिसतो.

पैशांचा हिशोबही करू. छोटं पेट्रोल इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पितं, थंड असताना थोडं जास्तच. म्हणजे दहा मिनिटांत साधारण दीडशे मिली. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर आहे. रोज १५ रुपये धरले तरी थंडीच्या ६० दिवसांत ९०० रुपये. तेही एक इंच पुढे न जाता!

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची इंधन बचतीची वेबसाइट हेच सांगते: बहुतेक कंपन्या साधारण ३० सेकंदांनी हळूवार निघायला सांगतात आणि चालवल्याने इंजिन लवकर तापतं. तिकडे थंडी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याच ठिकाणी दिलंय की उणे ७ अंशांना शहरातल्या छोट्या फेऱ्यांत पेट्रोल गाडीचं मायलेज २५ अंशांच्या तुलनेत साधारण १५ टक्के घटतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंतही. त्यांचा सल्ला तरीही उभं राहून तापवायचा नाही.

खरा मुद्दा सायलेन्सरच्या आत आहे

आता सिक्युरिटीवाल्या काकांकडे परत येऊ.

गाडीच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा लेप. विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल इथे आलं की त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. नायट्रोजन ऑक्साइडचंही बरंचसं निवारण इथेच होतं. बीएस-६ गाडी 'स्वच्छ' आहे असं आपण म्हणतो, ते बरंचसं या डब्याच्या जिवावर.

पण हा डबा थंड असताना काम करत नाही. त्याला साधारण २५० ते ३०० अंश लागतात. तोपर्यंत इंजिनातून जे बाहेर येतं ते जवळजवळ जसंच्या तसं हवेत जातं. आणि नेमकं याच वेळी ईसीयू जास्त पेट्रोल सोडत असतो! म्हणजे सगळ्यात जास्त घाण तयार होण्याची वेळ आणि घाण साफ करणारा झोपलेला असण्याची वेळ एकच. म्हणूनच आजच्या पेट्रोल गाडीच्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचा मोठा वाटा पहिल्या एक-दोन मिनिटांत बाहेर पडतो.

नियम बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. युरोपातल्या चाचणीत पूर्वी इंजिन सुरू करून पहिले ४० सेकंद सोडून द्यायचे आणि मग धूर मोजायला घ्यायचे. २००० सालच्या युरो-३ पासून ही सूट काढून टाकली. पहिल्या सेकंदापासून मोजणी. आपल्याकडे बीएस-६ चा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून आला, त्यात प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावर धूर मोजायची अट आली.

कंपन्यांनी यावर उपाय केलेत. कन्व्हर्टर इंजिनाच्या अगदी जवळ बसवतात आणि सुरुवातीला ठिणगी मुद्दाम उशिरा देतात, म्हणजे गरम वायू थेट कन्व्हर्टरकडे जातात. त्यामुळे तो लवकर जागा होतो. पण सुरुवातीचा तो काळ टळत नाही. तो रस्त्यावर, मोकळ्या हवेत, गाडी चालत असताना गेला तर धूर पांगतो. तोच बंदिस्त पार्किंगमध्ये, एका खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या शेजारी गेला तर?

आमचं पार्किंग तीन बाजूंनी भिंतींचं आहे. एका बाजूला रॅम्प, त्यावरही थंडीत पहाटेपर्यंत अर्धं शटर ओढलेलं. सकाळी सात ते आठमध्ये पाच-सहा गाड्या तिथे 'गरम' होतात. आम्ही गाडीत बसून काचा लावून दोन मिनिटांत निघून जातो. काका तिथेच असतात.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही त्याची सुरुवातीची लक्षणं. पार्किंगमध्ये जो झोंबणारा वास येतो तो न जळलेल्या इंधनाचा. त्यामुळे 'वास येत नाही म्हणजे सुरक्षित' हा हिशोब चुकीचा आहे. अमेरिकेत किल्लीशिवाय बटणाने सुरू होणाऱ्या गाड्या गॅरेजमध्ये चुकून सुरू राहून झालेल्या मृत्यूंवर न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये मोठी बातमी केली होती. त्यानंतर २०२१ च्या तिथल्या पायाभूत सुविधा कायद्यात अशा गाड्या ठराविक वेळाने आपोआप बंद व्हाव्यात यासाठी नियम करण्याची तरतूद आली. घराला जोडलेलं बंद गॅरेज आपल्याकडे कमी आहे. पण बंगल्याखालचं शटरचं पार्किंग किंवा तळघरातलं पार्किंग तर आहेच ना?

टर्बो, डिझेल, सीएनजी, बाइक: कोणाचं काय?

*टर्बो पेट्रोल:* टर्बोचं चाक मिनिटाला लाखभर फेऱ्यांहून जास्त फिरतं आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतं. म्हणून सुरुवातीला त्याला ताण द्यायचा नाही. पण याचा अर्थ उभं राहणं नाही. पहिली चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने चालवा, एवढंच.

*डिझेल:* सुरू करण्याआधी पिवळा, स्प्रिंगसारखा दिवा लागतो तो ग्लो प्लगचा. तो विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ. डिझेल इंजिन उभ्या उभ्या तर फारच हळू तापतं. शिवाय बीएस-६ डिझेल कारमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साचलेली काजळी जाळायला त्याला साधारण ५५० ते ६०० अंश लागतात. उभं राहून तेवढी उष्णता मिळत नाही, काजळी मात्र साचते.

*सीएनजी:* बऱ्याच गाड्या सकाळी पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडं तापलं की सीएनजीवर जातात. काही थेट सीएनजीवरही सुरू होतात. पहिल्या प्रकारात तुम्ही उभी ठेवलेली मिनिटं पेट्रोलवर जातात. सीएनजी घेतली ती पैसे वाचवायला, मग?

*बाइक-स्कूटर:* २०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या असतील तर दहा-वीस सेकंद पुरे. सेल्फ मारल्या मारल्या 'घुंई घुंई' करत रेस पिळू नका. थंड इंजिनाला त्याहून वाईट काही नाही. जुनी कार्ब्युरेटरवाली असेल तर चोक आणि मिनिटभर थांबणं चालू ठेवा.

*इलेक्ट्रिक:* इथे धूरच नाही. चार्जरला लावलेली असतानाच अ‍ॅपवरून गाडी आतून गरम किंवा थंड करून घेतली तर बॅटरीही वाचते.

ई२० मुळे फरक पडतो का?

२०२५ मध्ये पंपावर जवळपास सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. त्यानंतर 'आता थंडीत गाडी गरम करावीच लागणार' असे मेसेज फिरू लागले.

यात तथ्याचा एक कण आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीच पटीच्या आसपास उष्णता लागते. म्हणून शुद्ध इथेनॉलवर थंडीत गाडी सुरू करणं अवघड. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांत थंडीत सुरू करण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी द्यायचे. पण ती गोष्ट जवळजवळ शुद्ध इथेनॉलची. २० टक्क्यांत उरलेलं ८० टक्के पेट्रोल असतं आणि वाफेचं काम ते भागवतं. ई२० बद्दल मायलेज, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप हे प्रश्न विचारायला हवेतच. पण नाशिक-पुण्याच्या थंडीत त्यासाठी दहा मिनिटं गाडी उभी ठेवायची गरज नाही.

आणि आता त्या बटणाबद्दल

२०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर यांच्यापासून आपल्याकडे इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांची लाट आली. रिमोट स्टार्ट त्यातलंच फीचर. तुम्ही अ‍ॅपवर बटण दाबता, विनंती कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तिथून मोबाइल नेटवर्कने गाडीतल्या सिमपर्यंत, तिथून गाडीच्या अंतर्गत नेटवर्कवरून इंजिनपर्यंत. साधारणपणे ठराविक मिनिटांनी इंजिन स्वतःहून बंद होतं.

उन्हाळ्यात भट्टी झालेली गाडी थंड करायला याचा उपयोग आहे, नाकारत नाही. पण मला खटकतं ते हे. जुन्या गाडीत इंजिन गरम करायला बाबांना खाली जावं लागायचं. थंडीत कुडकुडत, धुरात उभं राहावं लागायचं. म्हणून ते जरुरीपेक्षा एक मिनिटही जास्त थांबत नव्हते. आता त्रास शून्य. धूर पाच मजले खाली, बाबा वर सोफ्यावर. सॉफ्टवेअरने गरज संपवली आणि त्याच सॉफ्टवेअरने सवय मात्र सोपी करून दिली. आणखी गंमत म्हणजे याच गाडीत सिग्नलला अर्धा मिनिट थांबलं तरी इंजिन बंद करणारी स्टार्ट-स्टॉप यंत्रणा आहे!

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी उभ्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर लायसन्सधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. म्हणजे रस्त्याकडेला लावलेली गाडी घरातून रिमोटने सुरू करून ठेवणं कलमातल्या शब्दांत बसत नाही. अ‍ॅपमधल्या नियम-अटी आपण कोण वाचतो? एकदा वाचा.

बाहेर देशांत तर थेट बंदी आहे. जर्मनीत विनाकारण इंजिन सुरू ठेवणं वाहतूक नियमांत मना आहे, दंड ८० युरो. थंडीत काचेवरचा बर्फ खरवडताना इंजिन सुरू ठेवलं तरी तो लागू शकतो, हे तिकडे गेलेल्या आपल्या आयटीवाल्यांना पहिल्याच हिवाळ्यात कळतं. न्यूयॉर्क शहरात उभ्या गाडीचं इंजिन ३ मिनिटांपेक्षा जास्त सुरू ठेवता येत नाही, शाळेजवळ तर १ मिनिट.

मग खरंच कधी गरम करायची?

अपवाद आहेत. कॅनडात उणे ३० अंशांत लोक रात्रभर इंजिनाचा हीटर विजेच्या सॉकेटला लावून ठेवतात. लडाखमध्ये साधं डिझेल गोठतं म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. तिथे ट्रिपला गेलात तर स्थानिक ड्रायव्हर सांगेल तसं करा. आणि कुठेही, समोरच्या काचेतून दिसत नसेल तर निघू नका. दव किंवा वाफ धरली असेल तर एसी सुरू करून बाहेरची हवा काचेवर सोडा, मिनिटभरात काच साफ होते.

बाकी महाराष्ट्रातल्या थंडीसाठी एवढं पुरे:

– गाडी सुरू करा, सीटबेल्ट लावा, आरसे बघा. एवढ्यात २०-३० सेकंद होतात. निघा.
– पहिली चार-पाच किलोमीटर हलका पाय. आरपीएम २,००० ते २,५०० च्या आसपास. लगेच हायवे असेल तर जोरात पळवू नका.
– कूलंटचा काटा मधोमध आला तरी ऑइल त्याच्या मागे असतं, म्हणून अजून थोडा धीर धरा.
– मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला. मेकॅनिक 'जाड घाला, इंजिन टिकेल' म्हणाला तरी.
– बंद पार्किंगमध्ये इंजिन सुरू ठेवून थांबू नका. मुलं, म्हातारी माणसं, सिक्युरिटी यांच्या शेजारी तर नाहीच.
– आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा. इंजिन आणि ऑइल दोन्हीला बरं.
– तीस सेकंदांनंतरही गाडी अडखळत असेल तर गरम करून लपवू नका. बॅटरी, स्पार्क प्लग किंवा सेन्सर तपासून घ्या.

आमच्याकडे पुढे काय झालं? चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी चहा संपवला, मोबाइल खिशात टाकला आणि किल्ली घेऊन खाली गेले. मी काही बोलले नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला: पार्किंगमध्ये गाडी गरम करू नये आणि सकाळी शटर पूर्ण वर ठेवावं. पहिल्या तासात तीन अंगठे आले आणि एक 'आमच्या गाडीला लागतं' असा रिप्लाय. काकांची खुर्ची मात्र दुसऱ्याच दिवशी लिफ्टजवळून गेटच्या बाहेर, उन्हात आली. ती बाबांनीच हलवली.

तुमच्या पार्किंगमध्ये सकाळी सातला कोण बसलेलं असतं? उद्या अ‍ॅपवरचं बटण दाबण्याआधी एकदा खाली बघून या.